फक्कीच्या भिंती

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला 'काका' म्हणण्यात आलं.

या कचेरीत सत्तावीस वर्षं मी मास्तर आहे. थोरले मालक मास्तर म्हणत, गवंडी मास्तर म्हणतात, नळवाला तर भांडतानाही मास्तर म्हणूनच भांडतो. थोरल्या मालकांचे गुडघे गेले, कारभार सुनेकडे आला, आणि या धाकट्या बाईंनी आज सगळ्यांदेखत "काका, तुम्ही बसा ना" म्हणून टाकलं. माणसाचा काका झाला की त्याला खुर्ची मिळते आणि टेबल जातं, एवढं मला कळतं.

मला बसवून झाल्यावर त्यांनी एक कागद वाचला. घर घेणाऱ्या तरुणांना काय हवंय, याचे एकोणीस मुद्दे. बैठकीची वेगळी खोली नको. पाहुण्यांची खोली नको. स्वयंपाकघर उघडं हवं. घर लहान चालेल, पण मोकळं दिसायला हवं. घरून काम करायला कोपरा हवा. दाराशी पार्सल ठेवायला फळी हवी. सायकल टांगायला जागा हवी. एकोणीस मुद्द्यांत 'भिंत' हा शब्द दोनदा आला, दोन्ही वेळा 'काढणे' या क्रियापदाबरोबर. मी मोजलं.

शेजारी नवा वास्तुरचनाकार बसला होता. त्याच्या कार्डावर नाव एका ओळीत आणि पदव्या तीन ओळींत आहेत, म्हणून इथे त्याला पदवीधर म्हणेन. तो मला सर म्हणतो. गर्दीतून वाट काढताना लोक 'जरा सरका' म्हणतात, त्याच चालीवर.

मी म्हणालो, आजवर चारशे अकरा घरं आखली, एकही परत आलेलं नाही. बाई म्हणाल्या, "घर परत कसं करणार, काका? ते काय शर्ट आहे?" सगळे हसले. पदवीधर शेवटी हसायला लागला आणि शेवटी थांबला.

मग मीही हट्टाला पेटलो. शब्दाने शब्द वाढला आणि बाईंनी अट घातली. पाच मजल्यांची इमारत व्हायची आहे, तिचा चौथा मजला माझा. नकाशा मला वाटेल तसा. मार्चच्या मध्यापर्यंत पस्तिशीच्या आतल्या दोन जोडप्यांनी 'आम्हाला हेच घर हवं' असं लिहून दिलं, तर मजला माझ्या रेघांवर उभा राहील. नाही तर तोही पदवीधराकडे जाईल आणि मी सल्लागार होईन. सल्लागार म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो.

मंजूर, म्हणालो आणि चहा न घेता उठलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

ही दैनंदिनी मी पाहुण्यांच्या खोलीत बसून लिहितो. पाहुणे गेल्या वर्षी दोनदा आले, एकदा तर नुसतं पाणी पिऊन गेले, त्यामुळे माझं टेबल आणि नकाशांच्या गुंडाळ्या इथेच असतात. दार लावून घेतो. लिहिताना कुणी मागून डोकावलं की माझी रेघ हलते. हिला ते ठाऊक आहे. या वेळात ती इकडे फिरकत नाही.

नकाशा पुरा झाला. तेवीस फूट बाय एकतीस. दार उघडताच बैठक, अकरा बाय चौदा. आलेल्या माणसाला इथून घराचा आतला पसारा दिसता कामा नये. स्वयंपाकघर आठ बाय दहा, चारी बाजूंनी बंद, दार बोळात. दोन झोपायच्या खोल्या. मधे साडेसहा बाय सातची साठवणीची खोली, बिनखिडकीची, डबे, ट्रंका आणि गाद्यांसाठी.

कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. सतराव्या वर्षी नकाशे गुंडाळायला लागलो आणि विसाव्या वर्षी उलगडायला. दुसऱ्याच्या रेघेवर रेघ गिरवत शिकलो. पण माझ्या नकाशात दार उघडलं की पलंगाला आपटत नाही आणि कपाट खिडकी अडवत नाही. पदवीधराच्या नकाशात झाडं फार छान असतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

तरुणांना नकाशा वाचता येत नाही, असं दोन दिवसांत दिसून आलं. कागद आडवा धरतात, उभा धरतात, मग खिशातला फोन काढून 'याचं चित्र नाही का' विचारतात. पदवीधराकडे चित्रं आहेत. त्यांत सोफ्यावर एक बाई हसत बसलेली असते आणि घरात कुठेही केरसुणी नसते.

माझ्याकडे फक्की आहे. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. पाया खणायच्या आधी तिच्या रेघांनी जमिनीवर भिंती दाखवतात. ठरवलं, अख्खं घर जमिनीवर आखायचं, जेवढं आहे तेवढं, इंचाला इंच. कचेरीसमोर जिथे पुढे गाड्या लागायच्या आहेत ती मोकळी जागा साफ करून घेतली. बरोबर ओळंबा होता. हा आमचा सगळ्यात जुना गवंडी. त्याची भिंत ओळंब्याच्या दोरीपासून केसभर कलत नाही, पण स्वतः उभा राहिला की डावीकडे कलतो, म्हणून हे नाव.

सूत ताणलं, तीन-चार-पाच मोजून काटकोन घेतले, फक्की मारली. भिंतीच्या दोन्ही कडा, मधे जाडी. दार तिथे रेघ सोडली. दुपारपर्यंत घर जमिनीवर पडलं होतं. ओळंबा म्हणाला, "मास्तर, एवढं साफ घर पहिल्यांदा बघतोय. छप्परच नाही तर जळमटं कुठून येणार."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाच जोडपी येऊन गेली. पाचही भिंतींतून चालली.

मी दाराशी उभा राहून सांगतो, या, ही बैठक. तोवर नवरा स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाय देऊन पलीकडे गेलेला असतो. मी म्हणतो, अहो, भिंत आहे ती, दारातून या. तो माफी मागतो, मागे येतो, आणि मागे येताना पुन्हा भिंतीतूनच येतो. एकीने चपलेचा पूर्ण ठसा भिंतीच्या मधोमध उमटवला आणि तिथेच उभी राहून विचारलं, 'इथून बाहेरचं दिसेल ना?' भिंतीत उभं राहून काय दिसणार.

संध्याकाळी सगळ्या मोडलेल्या रेघा नव्याने मारल्या. घरात कसं चालावं हे ज्यांना कळत नाही, त्यांनी घर कसं असावं हे मला सांगायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्वयंपाकघरावरून आज एका मुलाशी वाजलं. तिशीचा असेल, दाढी राखलेली. मी त्याला समजावत होतो, स्वयंपाकघर उघडं ठेवलं तर तळणाचा धूर सोफ्यात बसतो, कांद्याचा वास उशीत जातो, आणि चार माणसं आली की ओट्यावरची खरकटी भांडी त्यांच्या तोंडासमोर येतात. घरातल्या बाईला किती लाजल्यासारखं होतं.

तो म्हणाला, "घरातल्या बाईला कशाला? भांडी माझी आहेत. मला एकट्याला आत कोंडून ही बाहेर गप्पा मारत बसणार, ते नाही जमायचं."

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, खरं आहे, मला पाणी उकळता येतं, तेही लक्ष ठेवलं तर.

आता ओट्याची उंची. मी आजवर प्रत्येक ओटा दोन फूट आठ इंच धरला. लग्नानंतर हिच्या कोपरापासून चार इंच खाली मोजून घेतलेलं माप आहे, चारशे अकरा घरांत तेच गेलं. आज पहिल्यांदा एका पुरुषाचा कोपर मोजला. ओटा तीन फुटांच्या पुढे जातो. टेप गुंडाळताना ओळंबा माझ्याकडे बघत होता. त्याला म्हणालो, बघतोस काय, दाढीवाला स्वयंपाकी कधी पाहिला नाहीस का. तो म्हणाला, "मी रोज आरशात बघतो, मास्तर." तो घरी स्वयंपाक करतो हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाचीच चिठ्ठी नाही. पदवीधराच्या मजल्यांसाठी सात जोडपी नावं लावून गेली.

माझी शिस्त मी सोडलेली नाही. कोणती रेघ किती वेळा नव्याने मारावी लागली ते लिहून ठेवतो आहे. आठवडाभरात स्वयंपाकघराची बैठकीकडची भिंत सात वेळा. बैठकीची बोळाकडची भिंत पाच वेळा. झोपायच्या मोठ्या खोलीची दोनदा. साठवणीच्या खोलीची एकदाही नाही. चारही बाजू आठ तारखेला मारल्या तशा आहेत.

अर्थ उघड आहे. साठवणीच्या खोलीत कुणी पायच टाकत नाही. या पिढीला साठवायची सवय नाही, वापरलं की टाकलं. त्या खोलीबद्दल मी त्यांना आता काही सांगतही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फक्की संपत आली. नवं पोतं मागवलं. बाईंनी कचेरीच्या काचेतून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. काका लोकांना माणसं काही बोलत नाहीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ओळंब्याने मला ओशाळवाणं केलं, तेही न बोलता.

मी त्याला सांगत होतो की साठवणीची खोली काढून टाकतो, तिथे कुणी जात नाही. तो त्या खोलीच्या दाराशी जाऊन उकिडवा बसला आणि जमिनीवर तळहात ठेवला. मलाही ठेवायला लावला. दारासाठी सोडलेली अडीच फुटांची जागा दगडासारखी टणक होती. आत तर माती बसून चकाकत होती. बैठकीतली जमीनसुद्धा एवढी तुडवलेली नव्हती.

कुणी जात नव्हतं असं नव्हतं. सगळे जात होते. फक्त दारातून जात होते.

सत्तावीस वर्षं मी रेघा मारतो आणि न मोडलेली रेघ मला वाचता आली नाही. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही. ओळंब्याला म्हणालो, माझ्या आधीच लक्षात आलं होतं. तो म्हणाला, "असेल की," आणि आणखी डावीकडे कलला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुद्दाम दूर उभा राहिलो. कुणाला काही समजावलं नाही. तोंड बंद ठेवणं हे फक्की मारण्यापेक्षा कष्टाचं काम आहे.

दहाच्या सुमारास दोघं सायकलवरून आली. तो शाळेत शिकवतो. तिचं काम फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं, तेही घरून. स्वयंपाकघराची भिंत दोघांनी हातात हात घालून तुडवली. मी दातावर दात ठेवले. मग तिचा फोन वाजला. तिने इकडेतिकडे पाहिलं, बोळातून चालत गेली, साठवणीच्या खोलीच्या दारातून आत शिरली आणि पाठ फिरवून बोलायला लागली.

नवरा मागोमाग गेला आणि रेघेबाहेर थांबला. नुसता चुना होता, पाऊल टाकलं असतं तर आत होता. तो थांबला. थोड्या वेळाने त्याला काही सांगायचं असावं. त्याने हात वर केला, दोन बोटं मोडून, टकटक करायला. पुढे लाकूड नाही हे लक्षात आल्यावर स्वतःशीच हसला. पण टकटक झाल्यावर आतला माणूस उघडेपर्यंत आपण थांबतो, तेवढा थांबला.

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, सध्या कुठे बसून काम करता. ती म्हणाली, "न्हाणीघरात. घरात तेवढंच दार लागतं." त्यांचं भाड्याचं घर तिने सांगितलं तसं मी मनात आखून पाहिलं. एक मोठी मोकळी खोली, पदवीधराच्या चित्रातल्यासारखी. सुंदर असणार. ती रोज आठ तास कमोडचं झाकण लावून त्यावर बसते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डबा घरी विसरलो म्हणून ही घेऊन आली. इतक्या वर्षांत कामावर तिसऱ्यांदा आली असेल. म्हटलं, आलीच आहेस तर घर बघ. तर ही बाई बैठकीतून सरळ भिंत ओलांडून स्वयंपाकघरात.

मी म्हणालो, "अगं, भिंत आहे ती."

"सत्तावीस वर्षं वळसा घालून जातेच आहे ना. इथे तरी सरळ जाऊ द्या."

मग ती त्या लहान खोलीशी गेली. दारातून आत. मधोमध उभी राहिली, पिशवी खाली ठेवली.

"ही कुणाची?"

ठरलं नाही म्हणालो. ज्याला हवी त्याची.

"मग मला हवी."

"तू काय करणार इथे?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"अहो, काही नाही करायला हवी."

मला हसू आलं. साडेपंचेचाळीस चौरस फूट जागा, काही नाही करायला. तिच्या हाताखाली अख्खं घर आहे, दिवसभर मोकळं. तसं बोललोही. तिने पिशवी उचलली, डब्यातलं गार व्हायच्या आत खा म्हणाली आणि दारातूनच बाहेर पडली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी लवकर घरी आलो तर ही घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, वर असतील. गच्चीचं दार कायम कुलूपबंद असतं. त्याच्या अलीकडच्या जिन्यात, वरून चौथ्या पायरीवर, भिंतीला टेकून बसली होती. हातात काही नव्हतं. विचारलं तर म्हणाली, इथे वारा येतो, म्हणून दुपारची येते. किती वर्षं, विचारलं. म्हणाली, आपण राहायला आलो तेव्हापासून.

ती खाली गेल्यावर मी जाऊन बसलो. वरून चौथी पायरी, तीच जागा. दहा मिनिटं बोट ओलं करून धरलं. वारा येत नाही. जिना बंदिस्त आहे, येण्याची शक्यताच नाही. दिशांच्या बाबतीत हिचा अंदाज पहिल्यापासून कच्चा.

मात्र बसलेल्या माणसाचं माप माझ्याकडे कधीच नव्हतं, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. रात्री जेवणं झाल्यावर तिला खुर्चीत बसवून जमिनीपासून डोळ्यांपर्यंत टेप लावला. तीन फूट साडेआठ इंच. कशासाठी म्हणून तिने विचारलं नाही, पण मान अगदी ताठ ठेवली. लग्नानंतर कोपर मोजला होता, तेव्हा हसून हलत होती.

१ मार्च, शनिवार

नवा नकाशा काढला.

स्वयंपाकघर आणि बैठक यांतली भिंत काढली. कुणी सांगितलं म्हणून नाही. एकोणीस मुद्द्यांचा कागद अजून माझ्या खणात आहे आणि तो मी पुन्हा वाचलेला नाही. सात वेळा तुडवलेली रेघ ही भिंत नसते, ती मी मोजली म्हणून काढली. धुरासाठी ओट्यावर बाहेर जाणारा पंखा दिला, खरकट्यासाठी ओट्याची पुढची कड नऊ इंच उचलली. धुतलेलं दिसेल, विसळायचं दिसणार नाही. ओटा दोन उंच्यांचा, कोपर कुणाचाही असो.

साठवण सगळी माळ्यावर. आणि ती लहान खोली बाहेरच्या भिंतीला नेली, म्हणजे तिला खिडकी मिळाली. खिडकीचा कट्टा अडीच फुटांवर. बसलेल्या माणसाला आकाश नव्हे, रस्ता दिसला पाहिजे. दार घट्ट लाकडाचं. आतल्या भिंती नेहमी साडेचार इंची असतात, या खोलीच्या मी नऊ इंची धरल्या, आवाज जायला नको. त्यापायी मोठ्या दालनाचा एक कोपरा गेला. जाऊ दे.

फक्की नव्याने मारली. ओळंबा म्हणाला, "मास्तर, अर्धं घर पाडलंत की." म्हणालो, पाडलं नाही, सुधारलं.

६ मार्च, गुरुवार

सायकलवाल्यांनी चिठ्ठी दिली: आम्हाला हेच घर हवं, भिंती आखल्या आहेत तशा. दुपारी दाढीवाला आणि त्याची पाणी उकळणारी बायको आली. ओट्याशी तो हवेत कांदा चिरल्यासारखं करून बघत होता, ती त्या खोलीत जाऊन बसली, चक्क जमिनीवर. त्यांनीही लिहून दिलं. दोन झाली.

दोन्ही चिठ्ठ्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. "काका, मानलं," म्हणाल्या. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आणि किती खिडक्या आहेत ते विचारलं.

८ मार्च, शनिवार

मानलं म्हणाल्या होत्या, ते दोन दिवस टिकलं.

बाईंनी बोलावून घेतलं. पदवीधर आधीच बसलेला. त्याने माझा नकाशा पसरून ठेवला होता आणि त्या खोलीवर लाल पेन्सिलीने गोल केला होता. म्हणणं असं: छापून वाटलेल्या पुस्तिकेत बावीस फुटांचं सलग दालन दाखवलं आहे. माझ्या खोलीने त्याचा कोपरा खाल्ला. तेव्हा खोली काढायची, जागा तेवढीच ठेवायची, भिंतीऐवजी जाड पडदा लावायचा. पडदा सारला की दालन, ओढला की खोली. पदवीधर म्हणाला, दोन्ही साधतं, सर. तरुणांना असं बदलतं घर आवडतं. बाकीच्या चारही मजल्यांवर तेच आहे.

मी म्हणालो, लिहून दिलंय ते भिंतींसकट. बाई म्हणाल्या, जागा तीच आहे, काका, एवढं काय ताणायचं. भिंत असली काय आणि पडदा असला काय, आत बसून काम तर होणारच.

मी उभा होतो, उभाच राहिलो. म्हणालो, "पडद्यावर टकटक करता येत नाही, बाई."

त्यांना कळलं नाही. पदवीधर म्हणाला, आवाज देता येतो की. मी म्हणालो, आवाज दिला की आतल्याला उत्तर द्यावं लागतं. टकटक केली तर तो ठरवू शकतो.

मग जे बोलायचं नव्हतं तेही बोललो. पडदाच लावायचा असेल तर चौथा मजलाही पदवीधराला द्या आणि मला त्या खुर्चीत बसवा. पण माझ्या आखणीवर पडदा येणार नाही. कागदावर तुम्ही रोज सही करता, बाई, एकदा घरात येऊन बघा. एवढं महिनाभर तुमच्या काचेसमोर पडलंय, तुम्ही त्यात एकदाही पाऊल टाकलेलं नाही.

बाई म्हणाल्या, मंगळवारी बघू.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. चूक झाली का, असंही विचारलं, जे मी सहसा विचारत नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, भिंत सोडू नका.

११ मार्च, मंगळवार

सकाळी सहाला जाऊन सगळ्या रेघा ताज्या केल्या. दारांचे कोपरे बोटाने साफ केले.

बाई साडेदहाला आल्या. पदवीधर वही घेऊन मागे. मी काही समजावायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाळलं. त्या दालनात आल्या, पावलं टाकत ओट्यापर्यंत गेल्या, परत आल्या. पदवीधर सांगत होता, इथे पडद्याचा दांडा येईल. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरचा होता; थोरल्या मालकांच्या घरात माणसं अकरा, आणि सासूबाईंचा फोन दिवसातून चारदा येतो हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. "हो, आई. नाही, आई," म्हणत त्या चालायला लागल्या. बोळातून गेल्या, त्या खोलीच्या दारातून आत शिरल्या, आणि आत गेल्यावर मागे हात करून दार लोटलं.

दार नव्हतं. पण लोटलं. मी पाहिलं, ओळंब्याने पाहिलं.

पदवीधर पुढे सरकला, मी त्याच्या दंडाला धरलं. घड्याळ लावलं. फोन चार मिनिटं चालला. मग त्यांनी फोन खाली घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ, जिथे खिडकी येणार तिकडे तोंड करून. आणखी सात मिनिटं. बहुधा मापं अजमावत असाव्यात. साडेसहा बाय सातला सात मिनिटं जास्त होतात, पण सवय नसली की वेळ लागतो.

बाहेर आल्या त्या दारातून. डोळ्यात चुना गेला असावा, रुमाल लावला होता. पदवीधराने वही उघडली. त्याला त्यांनी हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, "मास्तर, दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"आत. बाहेर उघडलं तर बोळातल्याला लागेल."

"आणि कडी?"

"आतून."

"बाहेरून नाही?"

"बाहेरून कडी साठवणीच्या खोलीला असते, बाई. माणसाच्या खोलीला आतून."

त्यांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, पदवीधराच्या पाठीवर ठेवला आणि उभ्याउभ्याच सही केली. बाकीच्या मजल्यांचं काही बोलल्या नाहीत. मी विचारणार आहे, उद्याच.

मजला चौथा. खोली साडेसहा बाय सात, भिंत नऊ इंची विटेची, खिडकीचा कट्टा अडीच फुटांवर. दार अडीच फूट, आत उघडणारं. कडी आतून. यात बदल होणार नाही.